तुळाजी आंग्रे : एका सरखेलाचा शेवट

जबलपूरच्या सराफ्यात आमचे बिऱ्हाड आहे. खाली सोन्याचांदीची दुकाने आणि वर माडीवर भाडेकरू, अशी येथील जुन्या घरांची सर्वसाधारण रचना. आमचे घरमालक मराठी असून त्यांची ही येथील तिसरी पिढी होय. घरात मराठी बोलतात, परंतु दुकानात हिंदी आणि मुलांच्या पाठीवरच्या दप्तरात इंग्रजी, असा प्रकार आहे. या घरातील बारा वर्षांचा नातू रविवारी सकाळी आमच्याकडे येऊन बसतो. आमच्याजवळ पुस्तके आहेत आणि सुट्टीच्या दिवशी केंद्र सरकारच्या कारकुनाजवळ वेळही असतो, एवढेच त्यास कारण.

अशाच एका रविवारी तो एक जपानी चित्रकथेचे पुस्तक घेऊन आला. एइचिरो ओदा या चित्रकाराने १९९७ साली आरंभिलेली ‘वन पीस’ नावाची ही समुद्री चाच्यांची कथामाला आज जगभरची मुले वाचतात, हे आम्हांस त्याच्याकडूनच कळले. त्या कथेत एक मोठी मौजेची व्यवस्था आहे. तेथील सरकार सात बलाढ्य चाच्यांना परवाना देते. त्यांनी सरकारच्या शत्रूंवर चालून जावे आणि त्याबदली सरकारने त्यांच्या लुटीकडे काणाडोळा करावा, असा हा सौदा. पुढे एके दिवशी सरकार तो परवाना रद्द करते, आणि कालपर्यंत ज्यांस आपले म्हटले त्यांच्यावरच आपले आरमार सोडते. या सातांतील कुमा नावाचा एक प्रचंड देहाचा, अंतःकरणाने मृदू असा पुरुष त्या मुलाच्या विशेष आवडीचा. हा कुमा आपल्या मुलीच्या प्राणांसाठी स्वतःचे मन, स्मृती, इच्छा सर्व काही सरकारच्या स्वाधीन करतो आणि शेवटी केवळ एक चालते शस्त्र होऊन राहतो. ही हकीकत सांगताना त्या मुलाचा आवाज किंचित जड झाला होता. मग त्याने विचारले, “काका, आपल्यात असा कोणी होता का?”

आम्ही म्हणालो, “होता. तुळाजी आंग्रे.”

ते नाव त्याने ऐकलेले नव्हते. संध्याकाळी त्याच्या वडिलांस विचारले. त्यांस कान्होजी आंग्रे ठाऊक होते, तुळाजी नव्हते. यात त्यांचा दोष नाही. कान्होजींच्या नावाने मुंबईस भारतीय नौदलाचा तळ आहे. १९५१ सालापासून तो ‘आंग्रे’ या नावाने ओळखला जातो. परंतु त्याच कान्होजींच्या पुत्राचे नाव निघाले की मराठी माणूस थोडा घुटमळतो. त्यास वीर म्हणावे तर त्याच्याविरुद्ध खुद्द पेशवे लढले. शत्रू म्हणावे तर तो छत्रपतींचा सरखेल. या अडचणीतून वाट काढण्यापेक्षा त्यास विसरणेच आपण पत्करले असावे. म्हणून त्याची हकीकत येथे थोडी विस्ताराने सांगावी असे आम्ही योजिले आहे.

प्रथम ‘चाचा’ या शब्दाचा विचार केला पाहिजे. पश्चिम किनाऱ्यावर जहाजांना परवाना घ्यावयास लावण्याची रीत आंग्र्यांनी काढलेली नव्हे. सोळाव्या शतकात पोर्तुगीज येथे आले आणि आमचा ‘कार्ताझ’ घेतल्यावाचून कोणी या समुद्रात व्यापार करू नये, असा हुकूम त्यांनी फिरविला. ज्या जहाजाजवळ हा कागद नसे ते पकडले जाई. पुढे इंग्रजांनीही आपल्या सहीशिक्क्याचे परवाने दिले. कान्होजींनी हेच केले. कोकणचा किनारा छत्रपतींचा, त्याचे रक्षण करणारे आरमार छत्रपतींचे, तेव्हा येथून जाणाऱ्या व्यापारी जहाजाने आमचे दस्तक घ्यावे, असे त्यांचे म्हणणे होते. इंग्रजांनी ते मानले नाही. दस्तकावाचून जाणारी जहाजे कान्होजींनी धरली, आणि मुंबईच्या दप्तरात कान्होजी ‘चाचा’ झाले. पोर्तुगिजांनी केले तर तो राज्याचा अधिकार, आणि आंग्र्यांनी केले तर ती चाचेगिरी, असा हा न्याय होता.

या चाच्यास दडपण्याचे प्रयत्न थोडे झाले नाहीत. १७१८ साली इंग्रज खांदेरीवर आले, परत गेले. विजयदुर्गावर ते एकाहून अधिक वेळा आले. तेथेही त्यांचे काही चालले नाही. १७२१ साली इंग्रज आणि पोर्तुगीज यांनी मिळून कुलाब्यास वेढा घातला, तोही फसला. १७२४ साली डच विजयदुर्गावर आले, त्यांचीही तीच गत झाली. ४ जुलै १७२९ रोजी कान्होजी वारले, तेव्हा कोकणच्या किनाऱ्यावर त्यांस उघडपणे आव्हान देईल असे आरमार उरले नव्हते.

यानंतर आमच्या इतिहासात जे वारंवार घडते ते घडले. ज्येष्ठ पुत्र सेखोजी कर्ता होता, परंतु १७३३ साली तो वारला. मागे संभाजी आणि मानाजी या भावांत कलह लागला. १७३५ साली थोरल्या बाजीरावांनी मध्ये पडून दौलतीची वाटणी केली. मानाजीस वजारतमाब हा किताब आणि कुलाबा, संभाजीस सरखेलपद आणि सुवर्णदुर्ग-विजयदुर्गाकडील दक्षिण भाग. भांडण मिटले असे त्या वेळी वाटले असेल. प्रत्यक्षात एका आरमाराची दोन आरमारे झाली आणि दोन्ही दुबळी झाली. भावांचे भांडण वाटणीने मिटते, परंतु जहाजांचे बळ वाटणीने अर्धे होत नाही, ते अर्ध्याहून खाली जाते.

संभाजी वारल्यावर त्याच्या जागी तुळाजी आला. १७४३ च्या सुमारास शाहू छत्रपतींनी त्यास सरखेलपद दिले. जंजिऱ्याच्या सिद्दीने बळकावलेली ठाणी परत घ्यावी, अशी त्याच्याकडून अपेक्षा होती, आणि ती त्याने पुरी केली. दाभोळच्या खाडीच्या मुखावरील अंजनवेलचा किल्ला त्याने १७४५ साली सिद्दीकडून घेतला. त्यास गोपाळगड हे नाव मिळाले. चिपळूणजवळच्या परशुराम क्षेत्राची सिद्दीने १७२७ साली नासधूस केली होती, आणि ती जखम सातारच्या दरबारात वीस वर्षे ओली होती. म्हणून या विजयाचे मोल केवळ एका किल्ल्याएवढे नव्हते.

समुद्रावर तर तुळाजीचा दरारा बापाच्या तोडीचा होता. १७४९ साली इंग्रजांचे ‘रेस्टोरेशन’ हे लढाऊ जहाज त्याने पकडले आणि आपल्या आरमारात घेतले. पुढे १७५४ साली डचांच्या तीन जहाजांशी त्याची गाठ पडली. त्यांतील दोन जळाली आणि एक त्याच्या हाती आले. वाघोटण खाडीच्या मुखावरील विजयदुर्ग ही त्याची राजधानी. इंग्रज या किल्ल्यास शेजारच्या गिर्ये गावावरून ‘घेरिया’ म्हणत. तिहेरी तटाचा हा किल्ला, आणि खाडीत थोडे आत खडकात कोरून काढलेली जहाजांची गोदी. ती गोदी आजही पाहावयास मिळते. तेथे जहाजे बांधली जात, दुरुस्त होत, आणि किल्ल्याच्या तोफांच्या आड सुरक्षित उभी राहत.

येथवरची हकीकत ऐकून तो मुलगा फार खूष झाला. परंतु इतिहास लिहावयास बसलेल्याने येथेच थांबून चालत नाही. तुळाजीचा स्वभाव उग्र होता. कैद्यांशी तो कठोरपणे वागे. समुद्रावर परक्यांस जरब बसवावी हे ठीक. परंतु त्याने जमिनीवर शेजाऱ्यांसही स्वस्थता लाभू दिली नाही. सावंतवाडीकर आणि बावड्याचे पंत अमात्य हे छत्रपतींच्याच राज्याचे घटक, त्यांच्या मुलखास त्याचा उपद्रव झाला. १५ डिसेंबर १७४९ रोजी शाहू महाराज वारले आणि राज्याचा कारभार पुण्यास नानासाहेब पेशव्यांच्या हाती गेला. हा बदल तुळाजीस मान्य नव्हता. आपण छत्रपतींचे सरखेल, पेशवे छत्रपतींचे प्रधान. प्रधानाने सरखेलास हुकूम करावा हे त्यास कबूल नव्हते. पेशव्यांविरुद्ध ताराबाईंचा जो पक्ष उभा राहिला त्याकडे तो झुकला. पुण्याहून पाहता हे सरळ सरळ बंड होते, आणि नानासाहेबांच्या जागी दुसरा कोणी असता तरी त्यास हे फार काळ चालू देता आले नसते. हे पेशव्यांच्या बाजूने मोकळ्या मनाने मान्य केले पाहिजे.

प्रश्न तुळाजीस शासन व्हावे की नाही हा नव्हे. प्रश्न आहे ते शासन कोणाकडून करविले हा.

याच घराण्याची मागची एक गोष्ट येथे आठवते. १७१३ साली शाहू महाराजांचे पेशवे बहिरोपंत पिंगळे कान्होजींवर चालून गेले आणि कान्होजींनी त्यांस कैद केले. प्रधानाला कैद करण्याहून मोठे बंड ते कोणते? तरीही त्या प्रसंगी बाळाजी विश्वनाथ पुढे झाले. त्यांनी कान्होजींची भेट घेतली, बोलणे केले, पिंगळ्यांस सोडविले, आणि कान्होजींस सरखेलपद व किल्ले यांसह शाहू महाराजांच्या पक्षात आणले. त्या एका मसलतीने मराठी राज्यास सोळा वर्षे समुद्राचे संरक्षण लाभले. नानासाहेब हे या बाळाजी विश्वनाथांचेच नातू.

दुसरे उदाहरण आम्ही ज्या गावी राहतो त्या गावाशी लागून आहे. सराफ्यातील जुनी माणसे अजून भोसल्यांचे राज्य म्हणून बोलतात; जबलपूर १७९८ पासून १८१७ पर्यंत नागपूरकर भोसल्यांकडे होते. या घराण्याचे मूळ पुरुष पहिले रघूजी भोसले आणि नानासाहेब यांच्यातही हाडवैर होते. १७४३ साली नानासाहेब बंगालवर गेले ते अलिवर्दीखानाच्या मदतीस, आणि रघूजींस त्यांनी तेथून हुसकले. मराठी फौज मराठी फौजेवर चालून गेली. परंतु त्याच वर्षी शाहू महाराजांनी दोघांस साताऱ्यास बोलावून मुलखाची वाटणी करून दिली आणि वैर थांबविले. तिसरे उदाहरण दमाजी गायकवाडांचे. तेही ताराबाईंच्या पक्षाने पेशव्यांवर चालून आले, १७५१ साली कैद झाले, आणि पुढच्याच वर्षी गुजराथची निम्मी वाटणी कबूल करून सुटले व मानाने नांदले.

आता हे चार प्रसंग ओळीने मांडून पाहावे. कान्होजींनी पेशव्यास कैद केले, त्यांस सरखेलपद मिळाले. रघूजी पेशव्यांशी लढले, त्यांस बंगाल-नागपूरची मोकळीक मिळाली. दमाजी लढले, त्यांस निम्मा गुजराथ मिळाला. तुळाजीचा अपराध या तिघांहून फार मोठा होता असे आम्हांस दिसत नाही. पण त्यास मात्र जन्मठेप मिळाली. असे का व्हावे? एक तर दोघांनीही ज्याचा शब्द मानावा असा शाहूंसारखा धनी आता हयात नव्हता. दुसरे, तुळाजीने शेजाऱ्यांपैकी एकही असा ठेवला नव्हता की जो त्याच्यासाठी पुण्यास रदबदली करील. आणि तिसरे, जे आमच्या मते सर्वांत महत्त्वाचे, ते असे की भोसले-गायकवाडांचे सामर्थ्य घोडदळाचे होते. त्याची किंमत पुण्यास कळत होती, कारण पुण्याचे सामर्थ्यही तेच होते. आरमाराची किंमत मात्र घाटावरून नीट दिसली नाही. ती मुंबईच्या इंग्रजांस दिसत होती.

१९ मार्च १७५५ रोजी पेशव्यांच्या वतीने रामाजी महादेव आणि मुंबईचा गव्हर्नर रिचर्ड बर्चियर यांच्यात करार झाला. आम्ही पेशाने कारकून, तेव्हा कराराची कलमे पाहावयाची आम्हांस सवय आहे. या करारात एक कलम असे होते की मोहिमेत दोन्ही आरमारांवर हुकूम इंग्रजांचा चालावा. दुसरे असे की बाणकोटचा किल्ला आणि काही गावे इंग्रजांस मिळावी. बाकीचे किल्ले पेशव्यांस. वरवर पाहता पेशव्यांचा वाटा मोठा दिसतो. परंतु ज्या सरकारने आपल्याच किनाऱ्यावर, आपल्याच सरखेलाविरुद्ध, आपलीच जहाजे परक्याच्या हुकमाखाली दिली, त्या सरकारने त्या दिवशी नेमके काय दिले, हे कलमांची बेरीज-वजाबाकी करून कळणारे नव्हते.

करारावरची शाई वाळते न वाळते तोच कमोडोर विल्यम जेम्स मुंबईहून निघाला, आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात हर्णैसमोरचा सुवर्णदुर्ग पडला. इंग्रजी जहाजांनी जवळ जाऊन तोफांचा मारा केला, एक गोळा दारूच्या साठ्यावर पडून आतील इमारतींनी पेट घेतला आणि किल्ला हाती आला. ज्या किल्ल्यांची भीती इंग्रजांनी पन्नास वर्षे बाळगली त्यांतला एक दोन-तीन दिवसांत घेता आला, हे पाहून त्यांस स्वतःलाच आश्चर्य वाटले. आंग्र्यांचे सामर्थ्य किनाऱ्यावरील मराठी सत्तेच्या पाठिंब्यावर उभे होते. तो पाठिंबा काढून घेताच मागे उरल्या त्या भिंती. मागे चार मोहिमा फसल्या आणि ही एक का साधली, याचे उत्तर यात आहे.

पावसाळा गेला. तेवढ्यात मुंबईस इंग्रजांचे अधिक बळ आले. ॲडमिरल वॉटसन राजाच्या आरमारासह आला, आणि विलायतेहून परतलेला रॉबर्ट क्लाइव्हही आला. ७ फेब्रुवारी १७५६ रोजी हे आरमार मुंबईहून निघाले. निघण्यापूर्वी या मंडळींनी मुंबईत बसून एक काम उरकून घेतले : विजयदुर्गात जे द्रव्य सापडेल ते कोणी किती घ्यावयाचे, याचे हिस्से त्यांनी आधीच ठरविले. ज्यांच्या नावाने ही मोहीम होती त्या पेशव्यांचा त्यात हिस्सा नव्हता.

इकडे जमिनीवरून पेशव्यांच्या फौजा येत होत्या. आपले दिवस भरले हे तुळाजीने ओळखले, आणि या शेवटच्या घडीस त्याने जे केले ते लक्षात ठेवण्यासारखे आहे. किल्ला आपल्या मेव्हण्याच्या हवाली करून तो स्वतः मराठ्यांच्या छावणीत गेला. इंग्रजांपुढे नव्हे, आपल्या माणसांपुढे त्यास शरण जावयाचे होते. जी बोलणी पूर्वी व्हावयास हवी होती ती आता सुरू झाली. परंतु इंग्रजांस तडजोड नको होती. किल्ला पेशव्यांच्या स्वाधीन झाला तर त्यांचे ठरविलेले हिस्से कागदावरच राहिले असते.

१२ फेब्रुवारी रोजी दुपारी तोफा सुरू झाल्या. एक गोळा खाडीत उभ्या असलेल्या एका जहाजावर पडला आणि ते पेटले. ते जहाज म्हणजे तुळाजीने सात वर्षांपूर्वी इंग्रजांकडून जिंकलेले ‘रेस्टोरेशन’. जहाजे एकमेकांस बांधून उभी होती. त्या एकाची आग दुसऱ्यास लागली, दुसऱ्याची तिसऱ्यास. गुराबा, गलबते, बांधणीवर असलेली नवी जहाजे, सर्व पेटली. शिवछत्रपतींनी ज्याची मुहूर्तमेढ रोवली आणि कान्होजींनी ज्यास आकार दिला त्या आरमाराचा मोठा भाग एका संध्याकाळी जळाला. रात्री क्लाइव्हने आपले शिपाई जमिनीवर उतरविले आणि किल्ला व मराठ्यांची छावणी यांच्यामध्ये ठाण मांडले. आत असलेल्या शत्रूस बाहेर जाऊ न देणे एवढाच त्याचा हेतू नव्हता. बाहेर असलेल्या मित्रास आत येऊ न देणे हाही होता. दुसऱ्या दिवशी, १३ फेब्रुवारीस किल्ला पडला.

किल्ल्यात सुमारे अडीचशे तोफा सापडल्या, आणि द्रव्य व माल मिळून सुमारे दहा लाख रुपयांची लूट. ती ठरल्याप्रमाणे इंग्रजांनी आपसांत वाटून घेतली. सराफ्यात राहून आम्हांस सोन्याचांदीचे व्यवहार रोज दिसतात. तराजूत सोने घालताना ते कोणाच्या घरातून आले हे सराफ विचारतो आणि खात्रीही करून घेतो, कारण चोरीचे सोने घेणारा सराफही गुन्हेगार ठरतो. विजयदुर्गाचे सोने तोलताना असा प्रश्न कोणी विचारला नाही. चाच्यास शासन करावयास आलेल्यांनी चाच्याच्या घरातील द्रव्य बरोबर नेले, आणि त्या कृत्यास मात्र ‘चाचेगिरी’ हा शब्द कोणी वापरला नाही.

या वेळचा एक प्रसंग वॉटसनबरोबर असलेल्या आइव्ह्ज नावाच्या शस्त्रवैद्याने लिहून ठेवला आहे. किल्ला घेतल्यावर वॉटसन तुळाजीच्या कुटुंबास भेटावयास गेला. तुळाजीची वृद्ध आई, बायका आणि मुले किल्ल्यातच होती. म्हातारीने रडत सांगितले की आता प्रजेस राजा नाही, मला मुलगा नाही, या बायकांस नवरा नाही आणि या पोरांस बाप नाही. वॉटसनने तिचे सांत्वन केले आणि यापुढे आपणास या मुलांचा पिता व मित्र समजावे असे तो म्हणाला. तेव्हा सहा वर्षांच्या एका मुलाने त्याचा हात धरला आणि तर मग तुम्हीच माझे वडील, अशा अर्थाचे शब्द उच्चारले. ॲडमिरलच्या डोळ्यांत पाणी आले असे आइव्ह्ज सांगतो. ते खोटे मानण्याचे कारण नाही. परंतु त्या लहान मुलाचा बाप त्या वेळी जिवंत होता आणि थोड्याच अंतरावर आपल्याच लोकांच्या पहाऱ्यात होता, हे ध्यानी आले म्हणजे मन विषण्ण होते. मुलाने परक्याचा हात धरला, कारण जवळच्यांपैकी हात धरावा असे तेथे कोणी नव्हते.

तुळाजीची पुढील हकीकत थोडक्यात सांगता येते, कारण त्याच्या आयुष्यात पुढे सांगण्यासारखे काही घडूच दिले गेले नाही. पेशव्यांनी त्यास कैदेत ठेवले आणि कैदेतच त्याचा अंत झाला. ज्याने आयुष्यभर समुद्र पाहिला त्याने अखेरची वर्षे चार भिंतींच्या आत काढली. रणांगणावर मरण आले असते तर पोवाडे झाले असते. कैदेतील माणसाचे पोवाडे होत नाहीत.

पेशव्यांस तरी काय लाभले? विजयदुर्ग इंग्रजांनी लगेच दिला नाही. त्यासाठी महिनोन्महिने तक्रारी आणि बोलणी करावी लागली. १२ ऑक्टोबर १७५६ रोजी पुण्यास नवा तह झाला, बाणकोट आणि दहा गावे इंग्रजांकडे कायम झाली, तेव्हा कोठे आपलाच किल्ला आपणास परत मिळाला. तोवर वॉटसन आणि क्लाइव्ह केव्हाच पुढे गेले होते. जानेवारी १७५७ मध्ये त्यांनी कलकत्ता परत घेतले आणि २३ जून १७५७ रोजी प्लासी झाली. विजयदुर्गाहून प्लासीपर्यंत पुरते दीड वर्षही लागले नाही. विजयदुर्ग वाचला असता तर प्लासी टळली असती, असे आम्ही म्हणत नाही. इतिहासात असे हिशेब मांडता येत नाहीत. एवढे मात्र खरे की पश्चिम किनाऱ्यावर इंग्रजांच्या वाटेत जे एक आरमार उभे होते ते त्यांच्या वाटेतून आपणच दूर केले. पुढे पेशव्यांनी विजयदुर्गासच पुन्हा आरमार उभारले. आनंदराव धुळपांनी १७८३ साली इंग्रजांचे ‘रेंजर’ जहाज पकडून मोठा पराक्रमही केला. परंतु परकी जहाजांनी आपले दस्तक घेऊन जावे, अशी परिस्थिती पुन्हा आली नाही. आणि १८१७ च्या डिसेंबरात समुद्रापासून इतक्या दूरच्या या जबलपुरावरही इंग्रजांचे निशाण चढले, तेव्हा भोसल्यांच्या मदतीस यावयास कोणी उरले नव्हते.

लंडनच्या शूटर्स हिल या टेकडीवर एक तीनकोनी बुरूज आहे. कमोडोर जेम्स वारल्यावर त्याच्या पत्नीने १७८४ साली नवऱ्याचे स्मारक म्हणून तो बांधिला. त्याचे नाव ‘सेव्हर्नड्रूग कॅसल’, म्हणजे आमचा सुवर्णदुर्ग. तो बुरूज आजही उभा आहे आणि लोक तो पाहावयास जातात. जिंकणाऱ्याने आपली आठवण दगडात बांधून ठेवली. हरलेल्याची आठवण ठेवण्याचे काम त्याच्या भाषेतील माणसांचे असते, आणि ते आपण नीट केले नाही.

आम्ही सारे घरापासून दूर, कोणा ना कोणा सरकारच्या चाकरीत आहोत. वरिष्ठांशी मतभेद, जुन्या हक्काचा अभिमान, नव्या हुकमाचा राग, या गोष्टी आमच्याही ओळखीच्या आहेत. तुळाजीची चूक आमच्यापैकी पुष्कळांस आपल्या स्वभावात सापडेल : त्याने आपले पद राज्याहून मोठे मानले. नानासाहेबांची चूकही अनोळखी नाही. घरातील उद्धट माणसास वठणीवर आणण्यासाठी त्यांनी शेजाऱ्यास घरात घेतले, आणि शेजारी काय पाहून गेला याचा विचार केला नाही. दोघांत दोष कोणाचा अधिक, हा वाद ज्यास घालावयाचा त्याने घालावा. आमच्या मते पहिल्या चुकीने एक माणूस बुडाला आणि दुसरीने आरमार बुडाले.

हे सर्व त्या मुलास आम्ही त्याला समजेल अशा शब्दांत सांगितले. तो बराच वेळ गप्प होता. त्याच्या जपानी कथेत पकडलेल्या साथीदारास सोडवावयास त्याचे मित्र साऱ्या जगाच्या आरमाराशी लढतात. त्याने विचारले, “मग तुळाजीला सोडवायला कोणीच गेलं नाही?”

आम्ही म्हणालो, “नाही.”

मग त्याने आपली वही काढली आणि ते नाव लिहून घेतले. शाळेत हिंदी शिकणारा तो मुलगा, त्याने ‘तुलाजी’ असे लिहिले. आम्ही ‘ल’ खोडून तेथे ‘ळ’ काढून दाखविला, आणि त्याने तो खाली पाच वेळा गिरविला.